धर्मानंद कोसंबी आणि अन्नातील जीवहत्येचा प्रश्न

शालेय पोषण आहारात अंडे द्यावे की न द्यावे, यावरून महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जो वाद झाला, त्यात एक जुना युक्तिवाद पुन्हा पुन्हा कानांवर आला. वनस्पतीलाही जीव असतो, हा तो युक्तिवाद. गंमत अशी की, दोन्ही पक्ष त्याचा उपयोग करीत होते. अंड्याच्या समर्थकांचे म्हणणे असे की, भाजी चिरताना जर हत्या होतच असेल, तर अंड्यानेच असा कोणता अधर्म घडतो? उलट विरोधकांतील कर्मठ मंडळींचे म्हणणे असे की, जीव सर्वत्र आहे म्हणूनच तर संयमाची मर्यादा जितकी आत ओढता येईल तितकी ओढली पाहिजे, आणि शाळेत तर ती ओढलीच पाहिजे. एकाच विधानातून परस्परविरोधी निष्कर्ष निघू लागले म्हणजे ते विधान तपासून पाहण्याची वेळ आली असे समजावे.

मराठीत हा तपास ज्यांनी अत्यंत निर्भयपणे केला, आणि ज्यांच्या आयुष्यात तो केवळ पांडित्याचा विषय राहिला नाही, असे गृहस्थ म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी. हिंगोली-परभणीकडील वाड्यावस्त्यांत बुद्धवंदना घरोघर म्हटली जाते. परंतु तिच्या पाली भाषेची ओळख मराठी माणसाला करून देणाऱ्या या पुरुषाचे नाव आमच्या पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर कोसंबी यांचे वडील, एवढीच ओळख काही जणांना असते. मुलाच्या कीर्तीने बाप झाकला जावा हा प्रकार आपल्याकडे तसा विरळाच.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शिक्षण म्हणण्यासारखे फारसे झाले नाही. प्रकृती नाजूक, लग्न लहान वयातच झालेले, आणि काम म्हणजे घरच्या नारळाच्या बागायतीची देखरेख. अशा या तरुणाच्या हाती ‘बालबोध’ मासिकातील बुद्धाचे एक छोटेसे चरित्र पडले आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून तो घराबाहेर पडला. या गृहत्यागाचे कौतुक करावे की नाही, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात संदेह आहे. संसार सोडणाऱ्यांची चरित्रे आपण भक्तिभावाने वाचतो, पण मागे राहिलेल्या स्त्रीचे दिवस कसे गेले याचा जमाखर्च त्यांत सहसा नसतो. धर्मानंदांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, पुढे ते संसारात परतले आणि मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांनी पार पाडली.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर भेटले. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला गेले. जवळ पैसा नाही. तेव्हा अन्नछत्रात जे मिळेल ते जेवायचे आणि उरलेला वेळ संस्कृत व्याकरण घोकायचे, असा क्रम होता. भूक म्हणजे काय हे त्यांना ग्रंथांतून कळले नाही. १९०२ साली नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असा प्रवास करून ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पालीचे अध्ययन करून श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिले. दारोदार पात्र घेऊन उभे राहायचे, पात्रात पडेल ते खायचे आणि मध्यान्हानंतर काही खायचे नाही, हा जीवनक्रम त्यांनी स्वतः आचरून पाहिला. बौद्ध संघाच्या नियमांवर त्यांनी पुढे जे लिहिले, त्यामागे हा अनुभव होता.

या नियमांतच आपल्या विषयाचे मूळ सापडते. वनस्पती खाण्यातील हिंसेचा प्रश्न विसाव्या शतकातील विज्ञानाने उपस्थित केला अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो अडीच हजार वर्षांपूर्वी मगध-कोसलातील सामान्य माणसांनी विचारलेला आहे. विनयपिटकात वर्षावासाच्या नियमाची जी कथा येते, ती पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात भिक्षू गावोगाव हिंडत, त्यांच्या पायांखाली हिरवे गवत चिरडले जाई. लोकांनी तक्रार केली की, इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरेदेखील घरट्यात बसतात, आणि हे शाक्यपुत्राचे शिष्य मात्र एकेंद्रिय जीवांना तुडवीत फिरतात. एकेंद्रिय म्हणजे ज्याला स्पर्श हे एकच इंद्रिय आहे असा जीव. अर्थात गवत, झाड, वेल. या लोकापवादातून पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा दंडक निघाला. आळवी गावच्या भिक्षूंनी झाडे तोडली, तेव्हाही लोकांनी हीच तक्रार केली, आणि वनस्पतीचा नाश करणे हा भिक्षूच्या दृष्टीने प्रायश्चित्तास पात्र असा अपराध ठरला.

मूळ, खोड, पेर, शेंडा आणि बी, अशी ज्या ज्या भागापासून वनस्पती पुन्हा उगवू शकते त्या भागांची पंचविध वर्गवारीही तेथे केलेली आहे. ऊस पेरापासून उगवतो आणि हळद कंदापासून, हे जाणणाऱ्या आमच्या वसमतकडील शेतकऱ्याला ती वर्गवारी वाचून परके वाटणार नाही. भिक्षूला फळ खायचे असेल, तर गृहस्थाने आधी त्याला विस्तव, सुरी किंवा नख लावून द्यावे, म्हणजे त्यातील उगवण्याचे सामर्थ्य मोडण्याचे काम भिक्षूच्या हातून होऊ नये, असाही नियम आहे. कोणी म्हणेल, ही पळवाट झाली. पाप गृहस्थाच्या माथी आणि फळ भिक्षूच्या पोटी! आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि या नियमांचे एक वैशिष्ट्य डोळ्यांआड करता येत नाही. ते सारे भिक्षूने स्वतःवर घालून घेतलेले आहेत. शेतकऱ्याने नांगर धरू नये, गवत कापू नये किंवा अमुक पदार्थ शिजवू नये, असे त्यांत कोठेही नाही. ‘बौद्धसंघाचा परिचय’ या पुस्तकातून धर्मानंदांनी ही सारी व्यवस्था मराठी वाचकांपुढे ठेवली.

जैन परंपरेने हाच विचार अधिक बारकाईने आणि अधिक कठोरपणे केला. कंदमुळात अनंत जीव वास करतात म्हणून ती वर्ज्य. ओली हळद आणि आले वर्ज्य, परंतु वाळलेले हळकुंड व सुंठ चालते. औंढ्याजवळील शिरड शहापूर येथे मल्लिनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांना हे नियम नव्याने सांगावे लागत नाहीत. इतरांना ते विचित्र वाटतात, पण त्यांच्या मुळाशी असलेले निरीक्षण खोटे नाही. कंद उपटला म्हणजे रोप मरते. फळ तोडले म्हणजे झाड मरत नाही.

इ.स. १९०६ मध्ये धर्मानंद कलकत्त्यास आले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात व नंतर विद्यापीठात पाली शिकवू लागले. त्याच शहरात प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस त्या वेळी वनस्पतींच्या प्रतिसादांवर प्रयोग करीत होते. त्यांचा त्या विषयावरील मोठा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. एकीकडे पाली पोथ्यांतील एकेंद्रिय जीव आणि दुसरीकडे विजेचा धक्का देऊन त्याच जीवाची थरथर मोजणारे यंत्र, अशी ही दोन टोके एका गावात होती. बोस यांच्या काही निष्कर्षांवर तेव्हाही वाद झाला. पण वनस्पतीच्या अंगातून विद्युत्संदेश जातात, ही त्यांची मुख्य गोष्ट आज सर्वमान्य आहे.

त्यानंतरच्या संशोधनाने चित्र पुष्कळ भरले. १९७२ साली अमेरिकेत क्लॅरन्स रायन व त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की, टोमॅटो-बटाट्याचे एक पान किड्याने कुरतडले तर साऱ्या झाडात किड्याचे पचन बिघडवणारी द्रव्ये तयार होऊ लागतात. १९९० मध्ये असे आढळले की, अळीने खाल्लेला मका एक विशिष्ट गंध सोडतो आणि त्या गंधाने अळीचा शत्रू असलेली गांधीलमाशीच्या जातीची कीटक मादी तेथे येते. हे सारे नवे खरे, परंतु आमच्या भागातील शेतकऱ्याला ते अगदीच नवे नाही. पावसाने ओढ दिली आणि ज्वारी कोवळेपणीच सुकू लागली म्हणजे ती जनावराला घालू नये, घातली तर जनावर दगावते, हे त्याला त्याच्या आजोबाने सांगितलेले असते. त्या कोवळ्या पोंग्यातून सायनाइडचे विष सुटते, एवढाच तपशील शास्त्राने पुरवला. हिवाळ्यात पहाटे हरभऱ्यावर फडके फिरवून जी आंब गोळा करतात आणि पोटदुखीवर देतात, ते हरभऱ्याच्या केसाळ पानांनी किडीला दूर ठेवण्यासाठी पाझरलेले आम्ल होय. हळदीचा पिवळा रंगदेखील बुरशीला आवर घालणारा आहे. आपण ज्याला चव, रंग आणि औषध म्हणतो, त्यातील बराचसा भाग म्हणजे वनस्पतीने आपल्याला खाल्ले जाऊ नये म्हणून केलेली तटबंदी असते.

यावरून वनस्पतीला वेदना होतात असे सिद्ध होते काय? तसे म्हणता येत नाही. प्रतिकार आणि वेदना या दोन गोष्टी एक नव्हेत. वनस्पतीला मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, आणि दुःख भोगणारे केंद्र तिच्यात असल्याचा पुरावा बहुसंख्य वनस्पतिशास्त्रज्ञांना आजवर सापडलेला नाही. परंतु समजा की, वेदना होतात. तरीही त्यातून मांसाहार व शाकाहार सारखेच असा निष्कर्ष निघत नाही. कारण जनावर हवेवर वाढत नाही. कोंबडीच्या अंगी एक किलो वजन चढायला सुमारे दोन किलो खाद्य लागते, शेळी-मेंढीला त्याहून कितीतरी अधिक. वनस्पतींची हत्याच मोजायची म्हटली, तरी थेट धान्य खाणाऱ्याच्या नावावर ती कमी निघते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा हिशेब समजावा. तेव्हा अंड्याच्या समर्थकांनी आपली बाजू या युक्तिवादावर उभी करू नये. ती उभी करण्यास दुसरी पुरेशी भक्कम जागा आहे, तिच्याकडे आपण येऊच.

कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाची जागा सोडून धर्मानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची दरमहा ५० रुपयांची वृत्ती पत्करली. अट एवढीच होती की, महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि बौद्ध धर्मावर मराठीत लेखन करावे. वेतन आयोगाच्या थकबाकीचा हिशेब करणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना हे उदाहरण थोडेसे अडचणीचे आहे. १९१० मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे काम हेन्री वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते, ते पुढे नेण्यासाठी. श्रेयाच्या प्रश्नावरून तेथील प्राध्यापकाशी मतभेद झाला आणि ते १९१२ मध्ये परत आले. पुढे आणखी तीनदा त्यांनी अमेरिकेची वारी केली. हार्वर्डची ती आवृत्ती मात्र १९५० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. मधल्या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात १९१८ पर्यंत पालीचे अध्यापन, मग गुजरात विद्यापीठ, १९२९-३० मध्ये लेनिनग्राड, परत येताच मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहार, असा हा प्रवास आहे. रशियातील समाजवाद जवळून पाहिलेला, गांधींच्या चळवळीत तुरुंग भोगलेला आणि त्रिपिटक मुखोद्गत असलेला असा दुसरा मराठी माणूस दाखवणे कठीण आहे.

१९३५ च्या ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ या पुस्तकात त्यांनी अहिंसेचा इतिहास मांडला. त्याचा गाभा थोडक्यात असा की, श्रमणांची अहिंसा तेजस्वी होती ती त्यांच्यापाशी मालमत्ता नव्हती तोवर. विहारांना जमिनी मिळाल्या, राजाश्रय आला, आणि त्या मालमत्तेच्या रक्षणासाठी राजाच्या हिंसेकडे डोळेझाक करणे भाग पडले. मुंगी वाचवणारा माणूस कुळाचे शोषण निश्चिंतपणे पाहू शकतो, हे कोडे त्यांनी असे सोडवले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला धर्मानंद आपले वाटतात ते यामुळे.

सर्वांत मोठे वादळ उठले ते ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथावरून. १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ त्यांच्या साऱ्या अभ्यासाचे सार होय. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी व प्रेत पाहून गृहत्याग केला ही दंतकथा बाजूला सारून, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेल्या तंट्याकडे त्यांनी लक्ष वेधले. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात याच दिशेने मांडणी केली. या ग्रंथात मांसाहारावर एक प्रकरण आहे. बुद्धाचे अखेरचे भोजन ‘सूकरमद्दव’ हे डुकराचे मांसच असावे असे धर्मानंदांनी नमूद केले, आणि तेवढ्यावर न थांबता प्राचीन जैन सूत्रांतील उताऱ्यांवरून महावीरस्वामींच्या काळी श्रमण मांस घेत असत, असेही दाखवण्याचा प्रयत्न केला. जैन समाजात याने मोठा क्षोभ उसळला.

वादाचे स्वरूप मात्र लक्षात घेण्यासारखे आहे, कारण तो फिरत होता वनस्पतींच्या नावांभोवती. जैन पंडितांचे उत्तर असे होते की, सूत्रांतील ते शब्द प्राण्यांचे वाटले तरी वनस्पतींचे आहेत. कुक्कुटाचे मांस म्हणजे महाळुंगाचा गर, आणि पुष्कळ अस्थी असलेले म्हणजे पुष्कळ बिया असलेले फळ. हर्मन याकोबी या जर्मन पंडिताने १८८४ मध्ये आचारांगाचे भाषांतर केले, तेव्हापासून हा प्रश्न धुमसत होता. बौद्ध टीकाकारांनीही सूकरमद्दवाचे अर्थ देताना डुकरांनी तुडवलेले बांबूचे कोंब किंवा अशा जागी उगवलेले आळंबे असे पर्याय सांगितलेले आहेत. हे युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. आपल्याच अंगणात कोंबडा नावाचे फूल आहे, कुंपणावर गोकर्ण आहे, बांधावर नागफणी आहे. हजार वर्षांनंतरचा पंडित यांवरून आपल्या आहाराविषयी काय तर्क करील कोण जाणे! तथापि सरळ अर्थ लागत असताना दूरान्वयाने दुसरा लावू नये, ही धर्मानंदांची भूमिका संशोधकाला शोभणारीच होती. महावीरांची निंदा करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. त्या काळच्या समाजात मांस हे सर्वसाधारण अन्न होते, भिक्षेत ते आले तर श्रमणांनी घेतले असेल, आणि त्यामुळे त्यांच्या करुणेला बाध येत नाही, असे त्यांचे मत होते. भावना दुखावल्या हे खरे. परंतु टीकेच्या भडिमारातही त्यांनी आपले मत मागे घेतले नाही. पुढे साहित्य अकादमीने हाच ग्रंथ भारतीय भाषांत भाषांतरासाठी निवडला.

याच संदर्भात विनयातील देवदत्ताची कथा महत्त्वाची ठरते. देवदत्ताने बुद्धापाशी पाच मागण्या केल्या, त्यांतली एक अशी की, सर्व भिक्षूंनी आजन्म मत्स्यमांस वर्ज्य करावे असा नियम करावा. बुद्धाने नकार दिला. ज्याला तसे वागावयाचे असेल त्याने खुशाल वागावे, सर्वांवर सक्ती नको. आणि आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा शंका आलेली असल्यास ते मांस मात्र घेऊ नये. संघात फूट पडली ती या सक्तीच्या मागण्यांतून. भिक्षेवर जगणाऱ्याने दात्याच्या हंडीत काय शिजावे हे ठरवू नये, हा साधा विचार त्यामागे होता.

आता शाळेकडे वळू. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले. काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकवर्गणीतून ती द्यावीत, असे सांगितले. वर्गणी कोठे जमते आणि कोठे जमत नाही, हे सेनगाव-कळमनुरीच्या शिक्षकांना सांगायला नको. जेथे मुलांना अंड्याची खरी गरज, तेथेच पालकांच्या खिशात वर्गणी नाही. आणि जेथे वर्गणी सहज जमेल, तेथील मुले घरीच अंडे खातात. विरोधकांच्या श्रद्धेबद्दल आदर बाळगूनही विचारावेसे वाटते की, न खाणाऱ्याला केळ्याचा पर्याय असताना सक्ती नेमकी कोणावर होत होती?

या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात आणखी एक बाजू आहे. येथील खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. सोयाबीनच्या दाण्यातही तीच तटबंदी असते. तो कच्चा खाल्ला तर प्रथिनांचे पचन अडवणारे द्रव्य पोटात आपले काम करते. तेलगिरणीत पेंडीला वाफेची उष्णता देऊन ते निकामी करतात, आणि ही पेंड मोठ्या प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे हिंगोलीच्या शेतातील प्रथिने गिरणीतून कोंबडीच्या पोटात आणि तेथून शहरातील न्याहारीच्या बशीत पोहोचतात. ज्या शेतमजुराच्या हातांनी सोयाबीन काढले, त्याच्या मुलाच्या थाळीत मात्र खिचडीच राहते. वनस्पतीच्या संरक्षक द्रव्यांचा उपद्रव आजवर ज्यांना सर्वांत जास्त झाला, तेही असेच लोक होते. विंध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगारांना मजुरीत लाखेची डाळ देत. दुष्काळात तीच एक डाळ तग धरी, आणि महिनोन्‌महिने तीच खाल्ल्याने धट्टीकट्टी माणसे पायांनी कायमची अधू होत. भिजवून, उकळून पाणी टाकले तर विष बरेच उतरते. पण त्यासाठी सरपण आणि सवड लागते. ज्याच्या ताटात निवडीला वाव आहे, त्याच्यासाठी अन्नातील जीवहत्या हा नीतीचा प्रश्न असतो. इतरांच्या बाबतीत निवड मालकाने किंवा सरकारने आधीच केलेली असते.

धर्मानंद अखेरीस याच निवडीच्या टोकाला गेले. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माविषयी, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार व्रतांविषयी, त्यांना उत्तरोत्तर आदर वाटू लागला होता. शरीर निरुपयोगी झाले असता अन्नत्याग करून ते शांतपणे सोडावे, ही जैन परंपरेतील रीत त्यांना मान्य होती. ज्या समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला, त्याच समाजाच्या परंपरेतून त्यांनी आपल्या मृत्यूची पद्धत उचलली, हा योगायोग नव्हे. सत्य कोणाच्या घरचे आहे हे ते पाहत नसत. मधुमेहाने व इतर व्याधींनी शरीर जर्जर झाले होते. समाजाचे अन्न खाऊन परतफेड करता येत नसेल तर ते खाऊ नये, असा त्यांचा विचार ठरला. १९४६ मध्ये उत्तर हिंदुस्थानात त्यांनी उपोषण आरंभले, ते गांधीजींच्या आग्रहामुळे थांबवले. परंतु निश्चय ढळला नाही. पुढील वर्षी ते वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात आले आणि अन्न सोडले.

त्यांनी कोणालाही आपल्याबरोबर उपाशी राहण्यास सांगितले नाही, किंवा आपल्या उपोषणातून कोणाकडून काही मागितले नाही. आश्रमाची पंगत नित्याप्रमाणे बसत होती. सुमारे महिनाभराने, ४ जून १९४७ रोजी दुपारी, त्यांचे देहावसान झाले. फाळणीची योजना आदल्याच दिवशी जाहीर झाली होती आणि वृत्तपत्रांची पाने तिनेच व्यापलेली होती. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांच्याविषयी सांगितले, तेव्हा श्रोत्यांपैकी अनेकांनी ते नाव प्रथमच ऐकले असावे. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावरील त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये छापून निघाले.